लांबचं, जवळचं आणि उशाचं

माझं लग्न जमत होतं तेव्हाची गोष्ट. साताऱ्याला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, मुलीनं नाव सांगितलं, कुणीतरी स्वयंपाकाचं विचारून झालं. मग मुलीच्या वडिलांनी मोठ्या अदबीनं आमच्या सुभेदारमामांकडे वळून म्हटलं, "आपल्याला काही विचारायचं असलं तर विचारा." मामांनी मिशीवरून हात फिरवला, एकदा दाराकडे आणि एकदा खिडकीकडे पाहिलं आणि विचारलं, "समजा, दरवडा आलाच, तर घरात काय हाय?"

मुलीचे वडील कचेरीत कारकून. त्यांना वाटलं, दागिन्यांची चौकशी चाललीय. ते चाचरत म्हणाले, "पाटल्या आहेत. एक मोहनमाळ आहे."

"त्ये न्हेणाऱ्याचं झालं," मामा म्हणाले. "आडवणाऱ्याचं काय?"

शेवटी त्या सज्जन माणसानं कोपऱ्यातली छत्री दाखवली. मामांनी ती उघडली, मिटली, दांडी वाकवून पाहिली आणि "ह्येचा उपेग न्हाई" असं म्हणून जागेवर ठेवली. मी बशीतली मोहरी बोटानं गोळा करत बसलो होतो. वर बघायची सोयच नव्हती. तरीही लग्न झालं, ते माझ्या सासूबाईंमुळे. त्या म्हणाल्या, इतकी काळजी करणारं माणूस त्या घरात असेल तर पोरगी सुखात राहील.

सुभेदारमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. वडूजच्या पलीकडे माळावर त्यांचं गाव. पहिल्या लढाईत ते बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. पलटणीत नेमबाजीत पहिले आले म्हणून साहेबानं चांदीचा पेला दिला होता. मामी त्यात जिरं ठेवायची. मामांना ते अजिबात आवडत नसे, पण मामीसमोर बंदुकीचा इलाज चालत नव्हता.

पेन्शनीत आल्यावर लोक शेतीत लक्ष घालतात, देवाधर्माला लागतात. मामांनी एक शास्त्र बसवलं. प्रत्येक घरात तीन हत्यारं हवीत. एक लांबचं, एक जवळचं, एक उशाचं. लांबच्यानं त्याला माळावरच थांबवायचा, तिथून सुटला तर जवळच्यानं दारात, आणि दारातूनही आत आला तर उशाचं. हे ते इतक्या वेळा सांगत की गावातली शेंबडी पोरंसुद्धा घडाघडा म्हणून दाखवत. तेव्हा दिवसही तसेच होते. जपान ब्रह्मदेशात येऊन बसला होता, चळवळीतली माणसं रानोमाळ होती, त्यांचं नाव सांगून भलतेच लोक सावकारांच्या पेट्या फोडत होते. त्यामुळे मामांना श्रोते मिळत. मिळाले नाहीत तर ते स्वतः जात.

कुणाच्या घरी गेले की आधी दारं बघायचे. मग त्या घराला कुठलं हत्यार शोभेल ते सांगायचे, एखादी बाई सुनेला लुगड्याचा रंग सांगते तसं. "गुरवाला दुनळी नगं. त्येचा हात आरतीनं हालतोय. त्येला मोठ्या आवाजाची एकनळी." शाळामास्तरांना म्हणाले, "मास्तर, तुमास्नी चष्मा. तुमी जवळचंच बगा." ज्या म्हातारीच्या घरात चार मडकी आणि एक शेळी, तिलाही त्यांनी बारकाईनं सल्ला दिला. ती बिचारी विचारू लागली, "आवं सुभेदार, पर न्हेत्याल काय?" मामा म्हणाले, "त्ये न्हेणाऱ्यानं ठरवायचं, आजी. आपून आपली तयारी ठेवायची."

खुद्द त्यांच्याकडे तिन्हींपैकी दोनच होती. लांबचं म्हणून आज्याच्या वेळची ठासणीची बंदूक आणि जवळचं म्हणून परवान्याची दुनळी. उशाच्या पिस्तुलासाठी सरकारकडे अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. तूर्त म्हणून ते उशाखाली विळा ठेवत. हे तूर्त इतकी वर्षं चाललं की मामीला भाजी चिरायला विळा हवा असला की ती आधी अंथरूण उचलायची.

मी तेव्हा सांगलीत हळदीच्या एका पेढीवर कारकुनी करत होतो. पेढीचे मालक अण्णा, जैन गृहस्थ, सावकाश बोलणारे, मुंगी दिसली तर पाऊल बाजूला टाकणारे. हा मामा त्यांच्यापासून मी जपून लपवला होता. आपला मामा पाहुण्यांना छत्रीचा उपेग विचारतो, हे कुणी मालकाला सांगतं का? पण शेजारच्या पेठेत एका पेढीवर दरोडा पडला आणि अण्णांच्या बायकोनं बंदुकीचा धोशा लावला. तेवढ्यात कुणीतरी त्यांना सांगितलं की तुमच्या कारकुनाचे मामा या बाबतीत दर्दी आहेत. अण्णांनी मला आत बोलावलं. बंदुकीचा विषय काढताना ते माझ्याहून जास्त लाजले होते.

"आमची आव्वा म्हणती, घरात हत्यार आलं तर मी जेवणार न्हाई," ते आईबद्दल म्हणाले. "बायकू म्हणती, न्हाई आलं तर मी म्हायेरी जाती. मामांस्नी इचारा, कुणाला न लागणारी आसती का एकांदी?"

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून हाडं खिळखिळी करून घेत आम्ही मामांच्या गावी पोचलो. वाटभर मी देवाला एकच मागत होतो, मामांनी आज तरी बेतानं बोलावं.

पुढचं सांगण्याआधी दत्तूबद्दल सांगायला हवं. दत्तू म्हणजे मामांचा एकुलता एक मुलगा. आदल्या वर्षी चळवळीत तारा तोडायच्या प्रकरणात त्याचं नाव आलं आणि पोलीस दारात उभे राहिले. मामांची पेन्शन सरकारी, अंगावरचा कोट सरकारी, छातीवरचा बिल्ला सरकारी. भर चावडीसमोर, सगळ्या गावादेखत, त्यांनी दत्तूवर दुनळी रोखली. "पुन्यांदा माज्या उंबऱ्यावर दिसलास तर गोळी घालीन. माजा नेम तुला ठावं हाय." दत्तू तसाच माळ उतरून गेला. तो गेला तो गेलाच. मामांनी त्याचं नाव घरात घेऊ दिलं नाही. फौजदार दर पंधरवड्याला चौकशीला यायचे आणि मामा दर वेळी चारचौघांत मोठ्यानं सांगायचे, "तुमी कशाला तरास घेताय? दिसला तर म्याच घालतो गोळी." पोटच्या पोराबद्दल असं बोलणाऱ्या माणसाला मामा म्हणायची मला लाज वाटायची. आईला तर भाऊ म्हणायची वाटायची.

आम्ही पोचलो तर ओसरीवर फौजदार बसलेलेच. अण्णा घाबरून दारातच थबकले. पण मामांना नवा श्रोता मिळाला होता. त्यांनी अण्णांना पाट दिला, गूळपाणी दिलं आणि पेढीला दारं किती, पोती कुठं, आव्वा कुठं झोपते, सगळं विचारून घेतलं. अण्णांनी भीतभीत आपली अट सांगितली. मला वाटलं, आता मामा फिस्सकन हसणार. मामा हसले नाहीत. गंभीरपणे मान हलवून म्हणाले, "आसं म्हणणारा पयलाच मानूस भेटला. तुमास्नी लांबचं नगं, उशाचं बी नगं. जवळचं एकच, पर आवाजाचं."

फौजदार सुपारी कातरत ऐकत होते. त्यांना गंमत सुचली. "सुभेदार, नुसतं सांगता काय? शेटजींना करून दाखवा. तो पेला खरा की मामीनं जत्रेत घेतलाय, आम्हालाही कळू दे."

मामांचा चेहरा एकदम उतरला. "आज नगं सायेब. दिस बरा न्हाई."

"पोराला गोळी घालायला दिवस बरा असतो होय?" फौजदार म्हणाले. मग उठून त्यांनी स्वतःच खुंटीवरची दुनळी आणि काडतुसांचा पट्टा काढून मामांच्या हातात दिला. समोर बाभळीच्या फांदीला एक मडकं टांगलं गेलं. बघता बघता गाव जमा झालं. मडकं इतक्या जवळ होतं की मीसुद्धा दगडानं फोडलं असतं.

मामा उभे राहिले तसे मात्र बघण्यासारखे होते. पाठ ताठ, श्वास रोखलेला, गाल लाकडाला टेकलेला. दणका झाला, कावळे उडाले, अण्णांनी कान झाकून णमोकार मंत्र सुरू केला. धूर निवळला. मडकं मजेत झुलत होतं. मामांनी दुसरी नळी झाडली. मडकं तसंच. आणि मग मामीच्या कोंबड्या, ज्यांनी खरं तर भिऊन पळायला हवं होतं, त्या पंख फडफडवत थेट बाभळीखाली धावल्या आणि पटापट काही तरी टिपू लागल्या.

अख्खं गाव हसत सुटलं. फौजदारांना हसता हसता ठसका लागला. "सुभेदार! अहो, कोंबड्यांनासुद्धा तुमचा नेम कळलाय!" पोरं ओरडत होती, लांबचं चुकलं, जवळचं चुकलं. मी जोत्याच्या कडेला उभा होतो. मालक शेजारी, कानाच्या पाळ्या तापलेल्या, आणि पाय कुठं ठेवावेत ते कळेना. मामा बंदूक खाली करून जमिनीकडे बघत म्हणाले, "दारू सर्दावली आसंल. डोळं बी गेलं आता."

"मग दत्तूला निरोप द्यायला हरकत नाही," फौजदार टोपी घालत म्हणाले. "खुशाल ये म्हणावं, बापाचा नेम काही लागत नाही." आणि हसत हसतच ते घोड्यावर बसून गेले.

मी अण्णांची माफी मागायला वळलो तर ते बाभळीखाली होते. वाकून त्यांनी काहीतरी उचललं, बोटांत चोळलं, वास घेतला. मग चौफेर पाहिलं आणि वहाणेनं तिथली माती सारखी केली.

अण्णा दिवस मावळल्यावर जेवत नाहीत म्हणून मामीनं ऊन असतानाच पानं मांडली. कांदालसूण न घातलेली आमटी आणि गरम भाकरी. अण्णांनी मूठ उघडून पाटाशेजारी अर्धवट करपलेले चार दाणे ठेवले.

"जोंधळा हाय," ते हळूच म्हणाले. "सगळ्या काडतुसांत ह्येच हाय का, मामा?"

मामांचा घास हातातच राहिला. ते लाजले. मोठा माणूस लाजताना मी फार वेळा पाहिलेला नाही. मामी चुलीकडे तोंड करून म्हणाली, "पोरगं गेलं त्या दिसापास्नं छर्रे काडून टाकल्यात. ठासणीचीत बी नुसती चिंधीच हाय. कोंबड्यास्नी सवय झालीया, पाखरं हाकलाया बार काडला की दाणं पडत्यात."

"आंधारात मानूस वळकू येत न्हाई," मामा म्हणाले. "समजा, त्यो आलाच, आन् म्या दचकून उठलो, आन् हाताची सवय लय जुनी हाय, तर?" ते थांबले. "पर त्येला कसं कळायचं, ह्यात जोंधळं हाईत म्हणून? त्येनं माजा नेमच बगितलाय ल्हानपनापास्नं. गावादेखत रोखली व्हती म्या त्येच्यावर. कुठल्या तोंडानं निरोप धाडू? आन् धाडला तर त्यो फौजदाराच्या हातात पडंल."

हात धुवायला मी परसात गेलो. पुढच्या दाराला मामांनी दोन कड्या आणि हातभर अडसर बसवला होता, त्याचं वर्णन मी हजारदा ऐकलं होतं. परसाकडचं दार नुसतं लोटलेलं होतं. कडीचा खिळा उपटलेला होता. दाराजवळच्या कोनाड्यात दुरडीखाली दोन भाकरी आणि ताकाचा तांब्या झाकून ठेवलेला. हे रोजचं असणार, कारण मामीनं ते मी बघितल्याचं बघितलं आणि सवयीनं दुरडी तेवढी सारखी केली. वर्षभर ज्याची मला लाज वाटत होती तो माणूस हाच का, हे काही मला जुळवता येईना.

निघताना अण्णा म्हणाले, "मामा, बंदूक घ्यायची ठरली. पर भरून तुमीच द्या. आव्वाला सांगतो, आत जोंधळं हाईत, मग ती जेवंल." मामा वर्षभरात पहिल्यांदा हसले असावेत.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आजचं कुठं बोलू नकोस असं सांगणार. मी आधीच म्हणालो, "मामा, मी कुणाला सांगणार नाही."

"तसं नगं करू," मामा म्हणाले. "फौजदार वडूजच्या बाजारात सांगंलच. तू सांगलीत सांग. लोनंदला, पाटणला कोन जातंय त्येला सांग. सुभेदाराला हाताजवळचं मडकं फुटलं न्हाई म्हणावं. कोंबड्या हासल्या म्हणावं. जोंधळ्याचं तेवडं बोलू नगंस, बाकी लय रंगवून सांग. कुटं तरी त्येच्या कानावर जाईल." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आन् सांगताना माजी लाज धरू नगंस, गड्या."

मी सांगत सुटलो. पेढीवर हमालांना सांगितलं, मोटारीत सांगितलं, साताऱ्याला सासऱ्यांकडे जेवताना सांगितलं. माणसं पोट धरून हसत, पुन्हा सांगायला लावत, आणि दर वेळी माझे कान पहिल्यासारखेच तापत. मामाही कमी नव्हते. जिथं पूर्वी ते लांबचं, जवळचं सांगत तिथं आता स्वतःची फजिती सांगू लागले. पलटणीत पहिला आलेला माणूस बाजारात उभा राहून आपला नेम गेल्याचं नक्कल करून दाखवत होता. जुने सोबती खाली माना घालत.

सुगी झाल्यावर परत गेलो तर ओसरीवर फौजदार बसलेले, आणि मामा त्यांना मोठमोठ्यानं सांगत होते, "मांजर लय माजलंय सायेब. राती दोनी भाकरी खाऊन गेलं बगा."

मी परसात गेलो. दुरडी रिकामी होती. ताकाचा तांब्या राखेनं घासून, धुऊन कोनाड्यात पालथा घातलेला होता.