आईची लुगडी आणि माझं दान

दान कसं करावं, हे अख्ख्या कोल्हापुरानं माझ्याकडून शिकावं! मी दत्तोपंत, शाळेतून निवृत्त झालेला हेडक्लार्क. थंडीतल्या कोवळ्या उन्हात झोपाळ्यावर बसल्या बसल्या मला स्पष्ट दिसलं. रंकाळ्याकडं जाताना जुने कपडे टांगून ठेवायची एक भिंत लागते. तिथून कुणी कुडकुडणारं माणूस माझं कापड अंगावर घेतंय, आभाळाकडं बघतंय, मला दुवा देतंय... माझेच डोळे भरून आले!

बायको विमला भाजीला गेलेली. कपाटाच्या खालच्या खणात एक गाठोडं सापडलं. आत चार विरलेली सुती लुगडी, फुंकर मारली तरी फाटतील अशी! नेली, भिंतीच्या खुंटीला टांगली आणि तरंगत घरी आलो.

"विमला, खालचा खण रिकामा! सगळं दान!"

भाजीची पिशवी खाली पडली.

"अहो, ती माझ्या आईची लुगडी होती की! सईच्या बाळाच्या दुपट्यांसाठी ठेवलेली!"

"बाळाला नवी आणू!"

"नवं टोचतं! पहिलं दुपटं जुन्या लुगड्याचंच असतं. आणि आई आता कुठनं आणू?"

आमच्या लेकीला, सईला, आठवा महिना लागलाय. विमलाची आई जाऊन वर्ष झालं. पणजीच्या लुगड्यात बाळ गुंडाळायचं, एवढंच विमलाच्या मनात होतं. मी तसाच उलटा धावलो.

खुंटी रिकामी! मी कपड्यांचा ढीग उपसायला लागलो. भिंतीची देखरेख करणारा धैर्यशील पुढं आला.

"पावणं, लाजू नका! काय पायजे?"

"लुगडं हो!"

"लुगडं संपलं. ह्यो स्वेटर घ्या, तुमच्या मापाचा हाय!"

"अहो, मी देणारा आहे!"

"सगळी असंच म्हणत्यात. घ्या की!"

नको नको म्हणेपर्यंत स्वेटर माझ्या डोक्यातून खाली आला आणि वर कानटोपी बसली! शेवटी कळलं, लुगडी मागच्या गल्लीतल्या बयाबाईंनी नेली होती.

बयाबाईंच्या दारात पोचलो. 'माझी लुगडी' म्हणणार, तोच आत दोरीचा पाळणा दिसला. आठ दिवसांची पोर, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली, झोपेत हसत होती. गालावर उन्हाचा कवडसा. पाळणा हलत होता आणि मी कशाला आलोय तेच विसरून गेलो.

"कोण पायजे, पावणं?"

"कुणी नाही. कापड मऊ आहे ना?"

"लई! कुणा माउलीनं जपून नेसल्याली दिसत्यात. तिचं कल्याण हुंदे!"

दुवा मिळाली, पण सासूबाईंना!

रिकाम्या हातानं घरी आलो, सगळं सांगितलं. विमला रिकाम्या खणाशी बसलेली.

"मुलगी आहे?"

"हो. झोपेत हसत होती."

विमलानं डोळे पुसले. "असू दे तिलाच."

सुटलो! असं वाटतंय, तोच ती म्हणाली, "काढा."

"काय?"

"स्वेटर. आणि आतला झब्बाही. पंचवीस वर्षांपूर्वी आईनंच दिलेला तुम्हाला. आता कसा लोण्यासारखा झालाय!"

कात्री तिच्या हातात आधीच होती.

झब्ब्याची दोन दुपटी निघाली. आता तिची नजर माझ्या लेंग्यावर आहे, म्हणून हे सगळं पांघरुणात बसून लिहितोय!