सुया आधी बापाला

हडपसरच्या कारखान्यात सर्जेरावांनी उभा जन्म माल तपासण्यात घालवला होता. तपासल्याशिवाय त्यांच्या घरात टोमॅटोसुद्धा येत नसे. तेव्हा लेकीच्या औषधाचा निकालही आपणच लावू, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

तेजस्विनीला पीसीओएस होतं. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. घरात बापाला मिळते तशीच दाद असणार, असं सर्जेरावांनी समजून घेतलं. गोळ्या सुरू झाल्या, पाठोपाठ मळमळ. मग पोरीने गोळ्या सोडून ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायचं काढलं. तिची आई, हिरा, असती तर दोन वाक्यांत सोक्षमोक्ष लागला असता. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

सर्जेराव लेकीला न सांगता विश्रांतवाडीच्या ॲक्युपंक्चर क्लिनिकात गेले आणि पीसीओएससाठी आलोय म्हणाले. तिथे सुया टोचणाऱ्या मंदाकिनीबाईंनी चष्मा खाली केला.

"कोणाला आहे?"

"मुलीला. पण आधी मला टोचून बघा."

गुडघा दुखतच होता, त्या निमित्ताने बाईंनी टोचलं. सर्जेरावांचं साळिंदर झालं. मग बाईंनी मुलीच्या पाळीबद्दल विचारलं. ते खातं हिराकडे असायचं. हातांतही सुया, हलवायची बंदी, म्हणून बाईंनीच फोन स्पीकरवर लावून दिला.

"तेजू, तुझी पाळी वेळेवर येते का गं?"

पडद्यापलीकडे नंबर लावून बसलेल्या बायकांनी कान टवकारले.

"बाबा, तुम्ही आहात कुठे?"

ती रिक्षाने धावत आली. ती भांडायच्या आत बाईंनी विचारलं, गोळी कधी घेतेस? उत्तर सर्जेरावांनी दिलं, तेही अभिमानाने. पहाटे, उपाशीपोटी, कोमट पाण्याबरोबर. स्वतः उठून देतो. हिराची थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं तशीच असे. त्या घरात गोळी म्हणजे तशीच घ्यायची.

"काका, ही जेवणाबरोबर घ्यायची. म्हणून मळमळतंय," बाई म्हणाल्या. इन्सुलिनसाठी गोळीपेक्षा सुया सरस, असं त्या सांगणार नव्हत्या. डॉक्टरांना विचारून जोडीला घ्या, पण गोळी सोडू नका.

सर्जेराव लेकीकडे वळले, मानेपुरते.

"तुला माहीत होतं?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आई गेल्यावर तुम्ही अंथरुणातून उठतच नव्हता. त्या गोळीसाठी उठायला लागलात. म्हणून वेळेचं बोलले नाही; मळमळ सोसेना, तेव्हा सुयांचं काढलं."

सर्जेरावांचे डोळे भरले. पुसायची सोय नव्हती.

"दुखतंय का काका?" बाईंनी विचारलं.

"हो," ते म्हणाले. "ती डावीकडची सुई जरा बघा."