हात असलेली खुर्ची

इंदूरच्या आमच्या रामबागेत नळावर भांडण पेटलं की वरच्या गॅलरीतून दत्तोपंत मुळ्ये एकच शब्द खाली टाकत: "रोस्कास!" लगेच सगळं चिडीचूप. घागरी रांगेत, बायका रांगेत आणि शिव्या ज्याच्या त्याच्या पोटात. त्या शब्दाचा अर्थ गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हता. कोणी म्हणे संस्कृत आहे, कोणी म्हणे शाप आहे. आमचा दूधवाला तर हळूच मला म्हणाला होता, "भेनजी, कुछ तंतर-मंतर है." शेवटी न राहवून मी विचारलं. दत्तोपंत एकदम खुशीत आले. म्हणाले, ही चेक भाषा, युरोपातल्या चेकोस्लोव्हाकियाची. रोस्कास म्हणजे हुकूम. मराठीत हुकूम केला तर लोक कारण विचारतात, चेकमध्ये केला तर मुकाट्याने पाणी भरतात.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे मला सल्ला द्यायचा अधिकार अख्ख्या गल्लीने आपसांत वाटून घेतला होता. दत्तोपंतांनी मात्र कधी सल्ला दिला नाही. ते फक्त शब्द मागत. सकाळी मी शाळेला निघाले की हे जिन्यात उभे. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी, आणि तोंडात कुठला तरी शब्द, तोही नेहमी एकाच खानदानातला. ऑथॉरिटी, पॉवर, कमांड, कंट्रोल, जुरिस्डिक्शन. फुलपाखराला किंवा वांग्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे त्या माणसाने मला जन्मात विचारलं नाही.

एकदा विचारलं, "मास्तरीणबाई, ऑथॉरिटी आणि पॉवर यांत फरक काय?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली. "नाही जी. आमच्या घरात ऑथॉरिटी मी. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव आहे. चेकमध्ये आउतोरिता. आणि पॉवर अक्का. कोठीची किल्ली तिच्या कमरेला. चेकमध्ये मोत्स." मग त्यांनी ओट्यावरच्या मांजराकडे बोट दाखवलं. "आणि हा इन्फ्लुअन्स. याला कोणी काही दिलेलं नाही, तरी सकाळचं पहिलं दूध यालाच. चेकमध्ये व्लिफ." खोटं कशाला बोलू, पुढे वर्गात हा फरक मी मांजर घेऊनच शिकवला, आणि पोरींना तो बरोब्बर समजला.

अक्का ही त्यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. दत्तोपंतांनी लग्न केलं नाही ते तिच्यामुळे की तिने करू दिलं नाही, यावर गल्लीत दोन पक्ष होते. अक्काचं तोंड असं की विचारू नका. पण भावाला काही कमी पडू द्यायची नाही. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: दत्तूला ऑफिसात हात असलेली खुर्ची मिळावी.

हे जरा सांगायला हवं. सचिवालयात, म्हणजे दत्तोपंतांच्या ऑफिसात, कारकुनाला बिनहाताची खुर्ची आणि अधिकाऱ्याला हाताची, असा रिवाज होता. होळकरांच्या राज्यात होता, स्वातंत्र्यानंतर मध्यभारत राज्य झालं तेव्हाही राहिला. राज्यं गेली, झेंडे बदलले, खुर्च्या होत्या तशाच. दत्तोपंतांचे वडील दरबारात अधिकारी होते, हाताच्या खुर्चीत बसत. मुलगा मात्र जन्मभर बिनहाताच्या खुर्चीवर कोपर कुठे ठेवावं या विवंचनेत. बढतीची वेळ आली की दर वेळी कोणी तरी वशिल्याचा पुढे जाई. घरी येऊन हे म्हणत, "व्लिफ, अक्का, व्लिफ." आणि अक्का त्या अनोळखी व्लिफला मराठीतून यथास्थित शिव्या घाली.

आता चेक कुठून आली? लढाईच्या आधी इंदुरातल्या एका कापड गिरणीत यंत्रं बसवायला एक चेक इंजिनियर आला होता. यानसाहेब म्हणत त्याला. उंच, तांबडा, बायकापोरं नसलेला. तो इकडे यंत्रं बसवतोय तोवर तिकडे जर्मनांनी त्याचा देश गिळला. मग हा माणूस आपला मित्र की शत्रू, हे दरबारालाही कळेना. म्हणून हुकूम निघाला: दर आठवड्याला कचेरीत येऊन हजेरी द्यायची. हजेरी घ्यायला कोण? आमचे दत्तोपंत. त्याला इंग्रजी बेताचं, यांना चेक शून्य. तुला कुठवर जायची मुभा, कोणाचा तुझ्यावर अधिकार, हुकूम मोडलास तर काय, हे सगळं समजावायचं होतं. दत्तोपंत कायद्याच्या पुस्तकातल्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवत, यानसाहेब त्याचा चेक शब्द सांगे. मुभा दिली होती फक्त इंदूरपुरती. एकदा तो बिचारा इंदूरबाहेर बेटम्याच्या बाजारात आंबे घ्यायला गेला, तर त्याबद्दल जबाब! जबाब दत्तोपंतांनीच लिहून घेतला आणि आंबेही दोघांनी मिळून खाल्ले. असे ते शिकले. व्लादा म्हणजे सरकार, ऊर्झाद म्हणजे कचेरी, प्राव्होमोत्स म्हणजे अधिकारक्षेत्र. पाणी, भाकरी, आई असल्या शब्दांची त्या कचेरीत कधी गरजच पडली नाही.

लढाई संपली, पण तिकडे राज्य पुन्हा बदललं आणि यानसाहेब इथेच राहिला. हजेरी बंद झाली तरी शनिवारी दत्तोपंतांकडे येई, अक्काच्या हातचे पोहे खाई आणि जाई. मग कधीतरी यायचा थांबला. अक्का म्हणाली, गेला असेल आपल्या मुलखाला, निदान सांगून तरी जायचं होतं. दत्तोपंत टोपी घालून बाहेर निघून गेले.

मध्यभारताची एक गंमत आजच्या लोकांना सांगूनही पटत नाही. सरकारला राजधान्या दोन होत्या. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दोन्हीकडच्या लोकांना रुसू न देण्याचा उपाय. मोसम बदलला की फायली बस्त्यांत बांधायच्या आणि अख्खं सरकार आगगाडीत बसवायचं. पहिली काही वर्षं दत्तोपंत हौसेने गेले. येताना अक्काला ग्वाल्हेरची तिळाची गजक आणत. पुढे एका वर्षी म्हणाले, मूळव्याध आहे. पुढल्या वर्षी अक्काचा दमा. अक्का सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "मला कसला रे दमा?" पण हे गेले नाहीत ते नाहीतच. हिवाळाभर इंदूरच्या रिकाम्या कचेरीत राखणीला बसू लागले. मी चिडवायची, "काय दत्तोपंत, सरकार कसं आहे?" ते गंभीरपणे सांगत, "व्लादा गेली जी, ऊर्झाद आहे." आम्ही सगळे हसायचो. माणूस आळशी झाला, असंच मीही धरून चालले होते.

आणि मग मध्यभारतच संपायची वेळ आली. नवं मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळ. इंदूरला मोठाच धक्का होता तो. सराफ्यातल्या खाऊच्या दुकानांवर रात्री जिलबी खातानाही लोक भोपाळला शिव्या देत होते. त्या धामधुमीत दत्तोपंतांचा हुकूम आला: बढती, अधीक्षक, भोपाळ. म्हणजे हाताची खुर्ची!

अक्काने त्याच दिवशी जुनं जरीकाठी लुगडं फाडलं. आईचं होतं, कधी नेसायला काढलं नव्हतं. त्यात नवा कापूस भरून तिने खुर्चीसाठी गादी शिवली, चौकोनी, कडेला जरीचा काठ. गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. वडिलांच्या खुर्चीला अशीच होती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. त्या तिखट बाईला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दत्तोपंतांनी गादीवरून हात फिरवला, छान झालीय म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन बढती नको म्हणून सांगून आले.

घरात काय झालं ते मी लिहीत नाही. आम्हाला भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. भाऊ एकही कारण सांगेना. शेवटी अक्काने बोलणंच सोडलं, आणि ते तिच्या बोलण्याहून वाईट होतं. दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली. "सुशे, तू शिकलेली. तुझं ऐकेल तो. जन्मभर अधिकार अधिकार करत बसला आणि आता ताटात वाढलंय तर उठून चाललाय. विचार तरी, काय चक्कर आहे ही."

मी विचारलं. चांगली वर्गावर बोलतात तशा आवाजात विचारलं. दत्तोपंत टोपी सारखी करत म्हणाले, "चला, माझं प्राव्होमोत्स दाखवतो."

टांगा परदेशीपुऱ्यात गिरणीच्या मागच्या चाळीपाशी थांबला. तळमजल्याची खोली. दारात शेजारची एक म्हातारी बसली होती, ती दत्तोपंतांना पाहून उठली आणि मला म्हणाली, "इनके ही हाथ से खाते हैं, भेनजी. हम तो हार गए."

आत खिडकीशी यानसाहेब बसला होता. मी ओळखलं नसतं. तो उंच तांबडा माणूस आटून गेला होता, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. दत्तोपंत जिन्यात सांगतात त्याच सुरात मला सांगू लागले. मूळव्याधीच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. अंग गेलं ते गेलंच, वर इंग्रजी गेलं, मोडकंतोडकं हिंदी गेलं, सगळं पुसलं गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, आईची भाषा तेवढी राहते.

मग त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली, म्हाताऱ्यासमोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "व्लादा."

म्हाताऱ्याचे डोळे हलले. "व्लादा," तो वाकड्या तोंडाने म्हणाला.

"मोत्स." "मोत्स." "ऊर्झाद." इथे म्हातारा चक्क हसला. त्या शब्दातलं एक अक्षर म्हणे इंदुरी जिभेला जमतच नाही. त्याने दोनदा म्हणून दाखवलं, दत्तोपंतांनी दोनदा चुकवलं. मला वाटतं दुसऱ्यांदा मुद्दामच. एवढ्यात म्हातारीने खिचडीची थाळी आणून दिली. दत्तोपंतांनी चमचा भरला, छाती काढली आणि नळावर ओरडतात तसे ओरडले, "रोस्कास!" म्हाताऱ्याचा डावा हात सलामासाठी कपाळाशी गेला. हा गडी तरुणपणी फौजेत होता. "रोस्कास," तो म्हणाला आणि त्याने तोंड उघडलं. प्रत्येक घासाला एक हुकूम. थाळी संपली.

जेवण झाल्यावर म्हातारा बोलायला लागला. भराभरा, खिडकीकडे बघत, मध्येच रडत. आईबद्दल बोलत असेल, गावाबद्दल, एखाद्या मुलीबद्दलही असेल, कोण जाणे. दत्तोपंतांना त्यातला एक शब्द कळत नव्हता. ते त्याचा हात धरून बसले होते, आणि तो थांबला की मान डोलवून म्हणत, "प्राव्होमोत्स." अधिकारक्षेत्र! आणि म्हाताऱ्याला बरं वाटे, तो पुढे बोलू लागे. मला हसू आलं, पण हसवेना. मी खिडकीबाहेर गिरणीच्या धुराड्याकडे बघत राहिले.

निघताना मी विचारलं, अक्काला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तिने खुर्चीसाठी आईचं लुगडं फाडलं. तिला कुठल्या तोंडाने सांगू?" थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "मास्तरीणबाई, या इंदुरात याच्या भाषेतले शब्द माझ्या एकट्याकडे आहेत. तेही सगळे सरकारी. मी भोपाळला गेलो तर हा माणूस बोलेल कोणाशी?"

मी टांग्याला हात केला.

घरी आल्यावर अक्काला मी सगळं सांगितलं. दत्तोपंत दारातच उभे राहिले होते, मार खायला आलेल्या पोरासारखे. अक्का गादी मांडीवर घेऊन ऐकत होती. जरीच्या काठावरून बोट फिरवत होती. माझं सांगून झालं. मग भावाकडे न बघता मलाच म्हणाली, "पोह्यांत साखर जास्त लागायची त्याला."

मी उठायला लागले तेव्हा तिने विचारलं, "कशावर बसतो गं तो दिवसभर?"

म्हटलं, खुर्चीवर. गिरणीतून दिलेली जुनी लाकडी खुर्ची आहे, खिडकीशी.

"हात आहेत तिला?"

"आहेत," मी म्हटलं.

अक्का उठली. गादी दोन्ही हातांनी झटकली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि पिशवी दत्तोपंतांच्या हातात दिली. "उद्या जाताना घेऊन जा," ती म्हणाली. "आणि त्याला सांग, शनिवारी मी पोहे घेऊन येतेय."