नावांचे तीन अध्याय

मंडळीने एका शनिवारी चर्चमध्ये जमून शास्त्रातलं एक अख्खं पुस्तक मोठ्याने वाचून काढायचं, प्रत्येकाने एक अध्याय, ही कल्पना बाईंची. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि हुकूम सोडायला घरात नवऱ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

रुसवेफुगवे नकोत म्हणून बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. घोळ तिथेच झाला. तीन अध्याय निव्वळ नावांचे निघाले. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा ढमका, आणि एकेक नाव असं की जिभेला गाठ बसावी.

शुक्रवारी ते अध्याय वाट्याला आलेल्यांचे फोन सुरू झाले. "बाई, घसा पार बसलाय हो," गायनमंडळाचे प्रमुख ठणठणीत आवाजात म्हणाले. दातांच्या डॉक्टरांची दाढ ठणकू लागली. शिंपीणकाकूंचा चष्मा हरवला. बोलता बोलता तो सापडलाही, पण "हा लांबचा आहे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"मी वाचू का गं?" नवऱ्याने विचारलं. ते पस्तीस वर्षं पोस्टमन होते.

"तुम्ही? चारचौघांत उभं राहिलात की घाम फुटतो तुम्हाला. खुर्च्या मांडा. तिन्ही मीच वाचते."

शनिवारी दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग बाई उभ्या राहिल्या. पहिल्या नावाला अडखळल्या, दुसरं गिळलं, तिसऱ्याला असा ठसका लागला की पाळकसाहेब पाणी घेऊन धावले. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. बाईंचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं मुलांचे उच्चार सुधारणाऱ्या बाईंवर ही वेळ!

तेवढ्यात नवरोबा खुर्च्यांच्या रांगेतून पुढे आले. "बस तू," असं हळूच म्हणून त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि एकेक नाव दारात उभं राहून हाक मारावी तसं खणखणीत वाचत सुटले. घाम फुटला होता, पण जीभ कुठे अडली नाही. तिन्ही अध्याय संपले तेव्हा घसा बसलेल्या प्रमुखांनी सर्वांत मोठ्याने "वाहवा!" केली.

बाई नवऱ्याकडे पाहतच राहिल्या. "अहो, कधी बोलला नाहीत ते!"

पाळकसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. "कमाल केलीत! एवढी अवघड नावं!"

"नावांचं काही नाही हो, साहेब," पोस्टमन घाम पुसत काळजीने म्हणाले, "पण एकाचाही पत्ता दिलेला नाही."