समजा, लाईट गेली तर

दत्ताभाऊ पावसकर नारळाच्या झाडाखालून जाताना डोक्याला हेल्मेट घालतात. त्यांच्याकडे स्कूटर नाही, कधी नव्हती. हेल्मेट खास नारळासाठी विकत घेतलेलं आहे. आमच्या आणि त्यांच्या घराच्या मधे पाच-सहा माड आहेत. तेवढं अंतर ओलांडायला ते हनुवटीखाली पट्टा नीट आवळतात आणि आमच्या पडवीत पोचले की हेल्मेट काढून खुंटीला अडकवतात. आमच्याकडे बाहेरगावचा पाहुणा बसलेला असला तर तो भाऊंना आधी पाणी देतो आणि मग प्रवास कसा झाला म्हणून विचारतो.

भाऊंचं बोलणं ‘समजा’पासून सुरू होतं. समजा, गॅस चालू राहिला. समजा, रिक्षावाल्याला चक्कर आली. समजा, आपण भाट्याच्या पुलावर आहोत आणि धरणीकंप झाला. मासेमारीच्या सरकारी कचेरीत त्यांनी सगळी नोकरी काढली, पण होडीत पाय ठेवला नाही. धक्क्यावर जायचे तेसुद्धा पाण्यापासून चार हात लांब उभे राहायचे. रत्नागिरीत जन्म काढून हा माणूस बांगडा खात नाही, कारण काटा. खातात ती फक्त बिनकाट्याची मोरी मासळी, आणि तीही बोटांनी चाचपून. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तर रस्त्यावर गाड्या असतात म्हणून ते स्वतःच्या पडवीतच या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतात. दर महिन्याला रक्तदाब मोजून येतात. डॉक्टर म्हणतात सगळं उत्तम आहे, आणि ते ऐकून भाऊ अधिकच काळजीत पडतात.

आमचे हे त्यांना चिडवतात. भाऊंना शंभरी गाठायची आहे वाटतं, म्हणतात. भाऊ हसत नाहीत. “गाठायला हवी हो,” एवढंच म्हणतात आणि हेल्मेटचा पट्टा लावतात.

घरात ते आणि त्यांची लेक शोभा, दोघंच. शोभा चाळिशी ओलांडलेली आहे, पण मनानं सहा-सात वर्षांची. जन्मापासूनच तशी. वेणी भाऊच घालतात, आणि बरी घालतात. तिची आई काही वर्षांपूर्वी गेली. शोभाचा दिवस ठरलेला असतो. सकाळी पेज, मग अंगणात बसून मांजराशी गप्पा, मग जेवण, आणि जेवणानंतर कॅसेट.

ही कॅसेट भाऊंच्या पुतणीच्या लग्नाची. लग्न हेदवीला झालं होतं. त्या लग्नात शोभा करवली होती. पिवळा परकर, केसांत अबोलीचा गजरा, हातात करा, आणि नवरीच्या मागं ती अशी ताठ उभी की लग्न तिचंच आहे. रोज दुपारी ती हे लग्न बघते. स्वतःला बघून टाळी वाजवते. पुढं पंगतीत तिची आई जिलेबी वाढताना दिसते तेव्हा “आई वाढते” म्हणते आणि मग तिथंच चटईवर झोपते. कॅसेट लागली नाही तर ती झोपत नाही, जेवलेलं ओकते आणि संध्याकाळपर्यंत दारात उभी राहून रडते. असं दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा तिचा आवाज सगळ्या आळीनं ऐकला.

गेल्या वर्षापासून कॅसेट जायला लागली होती. नवऱ्याचं तोंड मधेच तिरकं व्हायचं, भटजींचा आवाज पाण्यातून आल्यासारखा यायचा. व्हीसीआर तर कॅसेटपेक्षा म्हातारा. दुरुस्तीवाल्यानं सांगून टाकलं होतं की आता याचे भाग मिळत नाहीत, बंद पडला की पडला. शिवाय तो एकट्या भाऊंच्याच हाताला वश होता. कॅसेट आत ढकलताना एका बोटानं झाकण उचलून धरायचं आणि दुसऱ्या हातानं मागची वायर दाबायची.

“समजा, मला ताप आला नि मी आडवा झालो,” भाऊ एकदा मला म्हणाले, “तर तिला लावून कोण देणार, वहिनी?”

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, लोकांचे ऑनलाइन अर्जही मी भरून देते. त्यामुळे आळीतल्या कुठल्याही बटणाचा प्रश्न माझ्याकडे येतो. मी म्हटलं, कॅसेट डीव्हीडीच्या तबकडीवर उतरवून घेऊ. तबकडी शोभाला स्वतःला लावता येईल, खण उघडायचा, ठेवायची, एक बटण दाबायचं. पेनड्राइव्हचंही सुचवलं होतं, पण तो एवढासा असतो, समजा तिनं गिळला तर, म्हणून तो बाद झाला.

यंत्र मी ऑनलाइन मागवलं, त्यातल्या त्यात स्वस्त. आगपेटीएवढी डबी, तिला लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या तीन वायरी, दुसरं टोक लॅपटॉपला. पार्सल उघडताना भाऊ दाराबाहेर उभे राहिले. डबी बघून त्यांचा चेहराच उतरला. एवढ्याशा वस्तूत अख्खं लग्न कसं मावेल, हा त्यांचा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर किंमत बघता मलाही ती शंका होतीच.

कॅसेट बघितली तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी. मी म्हटलं, ओल लागलीय, जरा कोरड्यात ठेवा. माझी चूक एवढीच झाली की मी हे मे महिन्यात, कोकणातल्या माणसाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेले तर भाऊंच्या गच्चीत आमसुलं वाळत होती, फणसाचे पापड वाळत होते आणि दोहोंच्या मधे सुपात कॅसेट. वरून पातळ धोतर पसरलेलं. कावळे हाकायला शोभा काठी घेऊन बसलेली. सकाळपासून हे वाळवण चाललं होतं. बुरशी गेली असेल, पण प्लास्टिक वाकून कॅसेटीचा पापड झाला होता. व्हीसीआर तिला आत घेईना.

भाऊ मटकन खाली बसले. ‘समजा’सुद्धा म्हणाले नाहीत. त्या दुपारी शोभा रडली आणि भाऊ तिच्याबरोबर दारात उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी माझ्या डोक्यात आलं की वाकलंय ते वरचं कवच, फीत तर शाबूत आहे. आमच्याकडे एक जुनी कॅसेट पडून होती, तिचे स्क्रू काढले, आतलं काढून टाकलं आणि लग्नाची रिळं तिच्यात बसवायची ठरवली. भाऊंनी तोंडाला रुमाल बांधला, समजा श्वासाची वाफ लागली तर म्हणून. भुवयांचे केस उपटायच्या चिमट्यानं मी फीत धरली होती आणि ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. इतकी वर्षं मी या माणसाला हसत आले, पण त्या संध्याकाळी त्यांची भीती मलाही लागली. फीत तुटली असती तर मी शोभाला कुठल्या तोंडानं भेटले असते कोण जाणे. शेवटी झाकण बसलं. कॅसेट आत गेली. आंबूस वास आला, पण सनई वाजली.

मग सुरू झाला उतरवण्याचा खेळ. पहिल्या खेपेला सगळं लग्न काळंपांढरं आलं. दुसऱ्या खेपेला रंग आले, आवाज गेला. भटजी नुसतेच तोंड हलवत होते. कॅसेट जेवढा वेळ चालते तेवढाच वेळ उतरवायला लागतो, आणि प्रत्येक वेळी फीत थोडी झिजते, हे भाऊंनी कुठूनतरी ऐकलं होतं. त्यामुळे दर खेपेला त्यांचा आवाज खाली जायचा. तिसऱ्या खेपेच्या आधी मी त्यांच्यादेखत दोन मिनिटं उतरवून तपासलं. रंग होता, आवाज होता. व्हीसीआर मात्र आतून करकरायला लागला होता. आम्हा दोघांनाही कळलं होतं की आता हीच शेवटची खेप.

पाऊस तोंडावर आलेला. दुपारी उकाडा असा की कपडे अंगाला चिकटत होते. शोभा चटईवर बसली. भाऊ रबरी चपला घालून लाकडी पाटावर उभे राहिले, हात भिंतीवरच्या पिनेला लावून. लाईट फडफडली की पिन काढायची, असं त्यांनी ठरवलं होतं. सीमांतपूजन झालं, मुहूर्ताची घाई सुरू झाली आणि समुद्राच्या बाजूनं आभाळ गडगडलं.

एरवी आभाळ पार लांब हर्णैकडे गडगडलं तरी भाऊ घरातल्या सगळ्या पिना काढतात. फ्रिज, पंखा, टीव्ही, आणि बॅटरीवर चालणारं घड्याळसुद्धा भिंतीवरून उतरवून ठेवतात. मी त्यांच्याकडे बघितलं.

“काढू, वहिनी?”

मी म्हटलं, काढली तर फीत आतच अडकेल, आणि पुन्हा निघेल की नाही सांगता येत नाही. पडद्यावर अंतरपाट धरला गेला. शोभा गुडघ्यांवर उठून बसली, आता ती स्वतः येणार होती. बाहेर एवढ्या जोरात वीज कडाडली की खिडकीची काच थरथरली आणि मांजर माझ्या पायांतून पळालं. भाऊंनी डोळे मिटले, ओठ काहीतरी पुटपुटत होते, पण पिन त्यांनी काढली नाही. मंगलाष्टकं संपेपर्यंत, पंगत उठेपर्यंत, वरात निघेपर्यंत हा माणूस त्या गडगडाटात पिनेला हात लावून तसाच उभा राहिला. शेवटी पडदा निळा झाला. भाऊंनी पाटावरून उतरून आधी भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलं. व्हीसीआरनं त्यानंतर कॅसेट घेतलीच नाही.

दुकानात जाऊन मी तबकड्या काढल्या. एक नाही, पाच. समजा उंदरानं कुरतडली, समजा ओरखडा पडला, असा हिशोब करत भाऊंनीच तो आकडा काढला होता. स्वस्तातला डीव्हीडीचा डबाही आणला. तोवर दुपारचं लग्न शोभाला मी लॅपटॉपवर दाखवलं. त्याच्या चालू करायच्या बटणावर भाऊंनी लाल टिकली चिकटवली आणि शोभाला दिवसभर शिकवत बसले. खण उघड, तबकडी ठेव, टिकली दाब. रिकाम्या डब्यावर तिनं इतक्यांदा टिकली दाबली की तिचं बोट लाल झालं. यायला लागलं तिला. भाऊ दर वेळी हात मागं बांधून लांब उभे राहायचे, चुकली तरी पुढं यायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर खरी तबकडी लावायची होती. मला बोलावणं होतंच. जाऊन बघते तर टीव्हीपुढं रांगोळी, पाटावर डीव्हीडीचा डबा, त्याला हळदकुंकू आणि भाऊंच्या हातात नारळ. म्हणाले, नवीन वस्तू आहे, गाऱ्हाणं घातल्याशिवाय कशी लावायची? आमच्याकडे होडी पाण्यात लोटायची असो की घराचा पाया खणायचा असो, देवाला गाऱ्हाणं घालतात. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी हो म्हणायचं. डीव्हीडीला गाऱ्हाणं मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. शोभा खुशीत होती. हो म्हणायचं काम तिला फार आवडतं.

“बा देवा म्हाराजा,” भाऊंनी डोळे मिटून सुरुवात केली, “आज ह्या ठिकाणी तुझी लेकरं नारळ घेऊन उभी हायत. ही तबकडी गोड मानून घे. हिच्यावर ओरखडा पडू देऊ नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” शोभा आणि मी म्हणालो.

मग भाऊंनी काहीच सोडलं नाही. उंदीर, घुशी, पावसाळ्यातली ओल, गेलेली लाईट, परत आलेली जास्तीची लाईट, डब्याच्या आतली मोटर, टीव्हीची काच, माझ्या लॅपटॉपचं आयुष्य, सगळं एकेक करून देवाच्या पदरात घातलं. मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून मी व्हय म्हाराजा म्हणत होते. शोभाचा आवाज दर खेपेला वर चढत होता.

मग भाऊ थांबले. मला वाटलं संपलं. नारळ त्यांनी कपाळाला लावला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “आणि म्हाराजा, मला लय वर्षं नकोत. ह्या पोरीपेक्षा एक दिवस जास्त दे. हिला कुणाच्या दारात उभी करू नको. आधी ती, मागनं मी, एवढं मात्र चुकवू नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” शोभा म्हणाली. आजवरच्या सगळ्यांत मोठ्या आवाजात.

मी तोंडावरचा पदर खाली घेतला, पण व्हय म्हटलं नाही. ज्या माणसाला आम्ही जन्मभर जिवाला जपणारा भित्रा म्हणून हसलो, तो स्वतःच्या लेकीचं मरण आधी मागत होता, आणि त्याचा आवाज जरासुद्धा कापला नव्हता. असं काही ऐकूच नये असं मला वाटलं, आणि आता ते ऐकलेलं परत कसं देणार, तेही कळेना.

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी हो म्हणावं लागतं, त्याशिवाय ते देवापर्यंत पोचत नाही. शोभाला हे पक्कं ठाऊक आहे. तिनं माझा हात धरून हलवला.

“काकू, तू पण म्हण गो.”

भाऊ डोळे मिटूनच थांबले होते.

मी म्हटलं.