झाडं उपटणारे हरिभाऊ

झाडाचं रोप दिसलं की हरिभाऊंचे हात शिवशिवतात. बाभूळ असो, बोर असो, नाहीतर देवाच्या नावानं कोणी लावलेला पिंपळ असो. तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, दिसला की मुळासकट बाहेर.

बार्शीटाकळीच्या पलीकडे त्यांच्या आजोबांनी बांधलेला हा मातीचा तलाव, आणि पाळीच्या बरोबर खाली आमची वस्ती. सरकार म्हणतं, तलाव खाजगी. भाऊबंद म्हणतात, सामाईक. उंदीर म्हणतात, आमचा. राहता राहिले हरिभाऊ, तेच एकटे पाळ राखतात.

मध्ये एक पुढारी आले आणि वाजतगाजत पाळीवर वृक्षारोपण झालं. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी हरिभाऊंनी सगळी रोपं उपटून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नेऊन ठेवली. सरपंच भडकले, "काहून उपटले? पुण्याचं काम होतं ना!"

"मूळ कुजलं का पोकळी होते, पोकळीतून पानी वाट काढते. मंग तुमचं पुण्य जाईन वाहून, अन् त्याच्या मांगं ह्या मास्तरची वस्ती."

मास्तर म्हणजे मी. मी कसनुसा हसलो.

एक कडुनिंब मात्र त्यांनी कधी उपटला नाही. दिवसभर उन्हात बसणाऱ्या नवऱ्यासाठी शांतावहिनींनी तो पाळीच्या मधोमध लावला होता. त्याच्याखाली दोघं भाकर खायचे. वहिनी गेल्या, झाड वाढत राहिलं. कोणी टोमणा मारलाच तर हरिभाऊ म्हणायचे, "थो शाना आहे. त्याले समजते." आम्हीही ते हसण्यावारी नेलं.

गेल्या पावसाळ्यात त्याच झाडाच्या खाली, माझ्या घरामागे, पाळीतून पाणी पाझरू लागलं. आधी नितळ, मग गढूळ. गढूळ म्हणजे पाळीच्या पोटातली माती निघाली. मी हरिभाऊंना हाताला धरून तिथं नेलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला होता. घरात माझी लेकरं होती. ते नुसता चिखल बोटांत चोळत राहिले. वाळूची पोती रचून आम्ही कसाबसा पावसाळा काढला.

उन्हाळ्यात तलाव आटला आणि त्यांनी स्वतःच कुऱ्हाड घातली. नुसतं झाड पाडून भागणार नव्हतं, मुळ्या आत कुजल्या असत्या. वस्तीतली माणसं फावडी घेऊन गेली, तर म्हणाले, "माती आना तुमी. मुळ्या मीच काढतो." एकेक मुळी त्यांनी हातानं उकरली. मग खड्ड्यात चिकणमाती भरून ती पायांनी तुडवायला लागले, तेव्हा मला बघवेना.

परवा दुपारी पाहतो तर उघड्या पाळीवर, बरोबर त्याच जागी, भर उन्हात भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसलेले.

"भाऊ, चक्कर येईल. खाली चला, माझ्या ओसरीत सावली आहे."

बाजूला कोणाला तरी जागा करून द्यावी तसे ते थोडे सरकले.

"खाली बसलो तं तिले सापडीन कसा, मास्तर?"