सरांनी बसवलेली घंटी

कॉलेजात एकतीस वर्षं प्रोसेसर शिकवून निवृत्त झालेल्या सरांना, आपण तीन महिने एवढा गाढवपणा कसा केला, हेच कळेना. बायको अंथरुणाला खिळलेली. आवाज इतका खोल गेलेला, की पलीकडच्या खोलीत ऐकू यायचा नाही. म्हणून सर दर दहा मिनिटांनी उठून विचारायला जात, "काही हवंय का?" पन्नास खेपांत पंचेचाळीस वेळा उत्तर "नको"!

"अगं, प्रोसेसरसुद्धा असं करत नाही," त्यांनी तिला समजावलं. "कळ दाबली का, दाबली का, असं कीबोर्डला विचारत बसला तर त्याची कामं कधी व्हायची? कळ दाबली की कीबोर्डच त्याला हाक मारतो. मग हातातलं काम जिथल्या तिथे ठेवून तो धावतो."

"बरं," बायको म्हणाली. विद्यार्थीही एकतीस वर्षं असंच म्हणत.

सरांनी बिनतारी घंटी आणली. बटण तिच्या उजव्या हाताशी, घंटी आपल्या टेबलावर. स्वतः तीनदा दाबून पाहिलं. आणि काय सांगावं, यंत्रणा झकास चालली! दिवसातून आठ-दहा वेळा घंटी वाजे आणि सर कानावरच्या पेनासकट धावत. कधी पाणी, कधी कूस बदलायची. एकदा तर घाईत उंबऱ्याला अडखळून तोंडघशी पडले. पण डॉक्टरांनी "आता फार दिवस नाहीत" असं सांगितल्यापासून, आपण हाकेला वेळेवर पोचतो, एवढाच त्यांना आधार होता.

गुरुवारी ते तिचे केस विंचरत होते. तिचे दोन्ही हात चादरीवर होते. आणि घंटी वाजली.

सरांनी दार उघडून पाहिलं. शेजारच्या दारात कुरिअरवाला बटण दाबत उभा! नवे भाडेकरू, त्याच दुकानातली तीच घंटी. सरांनी पाच मिनिटांत आपल्या घंटीचा चॅनल बदलला.

"शेजारचं बटण दाबलं की आपली घंटी वाजत होती. आता फक्त तुझीच हाक येणार," ते ऐटीत म्हणाले.

बायको कसंनुसं हसली. "मग मला पाणी कसं मिळणार?"

"म्हणजे? बटण दाब की."

"बोटांत जोर नाही हो. पहिल्या दिवसापासून दाबलंच जात नाही ते. शेजारी कुणी आलं, की तुम्ही यायचात. मग मी मागून घ्यायची. कुणी नाही आलं, तर वाट बघायची."

सरांना रडू आवरेना. "अगं, मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही किती खूश होतात," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून तुम्ही घरात बसवलेली एवढी एकच वस्तू चालली होती. म्हटलं, चालू दे."